रत्नाताईंचं आतडं

रत्नाताई थूल यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनी भर दुपारी चालती एसटी मध्येच थांबवली तेव्हा. हिंगणघाटहून वर्ध्याला जाणारी गाडी होती. वायगावच्या अलीकडे दोन्ही बाजूंना नुसती तूर, ना गाव ना थांबा. त्या कंडक्टर होत्या. त्यांनी घंटेची दोरी ओढली, ड्रायव्हरला "भाऊ, जरा घ्या बाजूले" म्हणाल्या, पैशांची चामडी पिशवी पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर ठेवली, पाण्याची बाटली उचलली आणि खाली उतरून सरळ तुरीत शिरल्या.

गाडीत आधी कुजबुज झाली, मग एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "घरून निघताना जाऊन येता येत नाई का मानसाले?" दोघंचौघं हसले. रत्नाताई परत चढल्या तेव्हा हसणं अजून चालूच होतं. त्यांनी म्हातारीकडून पिशवी घेतली, गळ्यात अडकवली आणि गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मले मोठ्या आतड्याचा आजार हाय," त्या म्हणाल्या. आवाज तिकिटं मागतानाचाच होता. "आतून जखमा हायेत. रक्त पडते. लागली का मंग थांबत नाई. कोनाले आनखी काई इचाराचं असन तं आता इचारून घ्या, मले तिकिटं काढाची हायेत."

हसणारे गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. घंटा दोनदा वाजली आणि गाडी निघाली. मी मागच्या बाजूला बसले होते, माझे कान तापले होते. आमचं हिंगणघाटचं घर कापड दुकानदाराचं. आमच्याकडे 'संडास' हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारत नसत. आई दोन बोटं दाखवायची, नाहीतर 'तिकडं' म्हणायची. एक बाई पन्नास माणसांसमोर आपल्या आतड्याबद्दल बोलते आणि लगेच "वर्धा किती?" म्हणून पुढे सरकते, हे माझ्या डोक्यात मावेना.

खरं तर ते मला इतकं नवीन असायला नको होतं. मी रोज वर्ध्याला जात होते ती याच आजारासाठी. तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता आतड्याचं सुजलेलं अस्तर आणि त्याला भरून यायला मदत करणारे मायक्रोआरएनए. पण माझ्याकडे माणूस कधी येत नसे. यायची ती कुपी. कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर चिमट्यानं तिळाएवढा तुकडा काढत, तो कुपीत जाई, कुपीवर क्रमांक, आणि ती माझ्या फ्रीझरमध्ये. त्या तिळाच्या मागे कुणीतरी बसमधून उतरून तुरीत धावतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला तपासणीच्या खोलीतच नमुना घ्यायला बोलावलं. नमुना घेणारा मदतनीस रजेवर होता. मी बर्फाचा डबा घेऊन उभी राहिले आणि कुशीवर झोपलेल्या बाईंनी मान वळवली. त्या रत्नाताई होत्या. त्यांनी झोपेचं इंजेक्शन नाकारलं होतं आणि पडद्यावर स्वतःचं आतडं पाहत होत्या. लाल, ओलं, जागोजागी सोललेलं. मी असे फोटो शेकडो पाहिले होते. पण आतडं आणि त्या आतड्याच्या मालकिणीचा चेहरा एकाच वेळी कधी पाहिला नव्हता.

"तू काय नेऊन राह्यली वं त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"छोटासा तुकडा आहे, ताई. तपासणीसाठी. तुम्ही संमती दिली आहे."

"कागदावर देल्ली. तुले कुठं देल्ली? माह्या पोटातलं हाय, मले सांगून ने."

डॉक्टर हसले. मी हसू शकले नाही. तपासणी झाल्यावर त्या बाहेरच्या बाकावर चहा घेत बसल्या होत्या, तिथं जाऊन मी त्यांना सांगायला लागले. पेशीत जनुकांचे निरोप नेणारे धागे असतात, त्या निरोपांवरून प्रथिनं तयार होतात. मायक्रोआरएनए म्हणजे अगदी तोकडे तुकडे. त्यांच्यापासून काहीच तयार होत नाही. ते जाऊन निरोपाच्या धाग्याला चिकटतात आणि निरोप तिथंच अडवतात. दाह भडकवणारा निरोप अडला की सूज उतरते. पेशींमधले सांधे सैल करणारा निरोप अडला की सांधे पुन्हा घट्ट होतात आणि अस्तर जखमेवर सरकायला लागतं. काही उलट्या स्वभावाचेही असतात, आग वाढवणारे. कोणते कधी वाढतात, कधी कमी होतात, हेच मी मोजत होते.

रत्नाताईंनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे आमच्या डेपोतला कंट्रोलर," त्या म्हणाल्या. "गाडी चालवत नाई, तिकीट फाडत नाई. पन त्यानं रोखली तं गाडी हालत नाई."

"तसंच काहीसं."

"नाव काय त्याचं?"

"नावं नसतात. क्रमांक असतात."

"चांगलं हाय. आमालेबी बिल्ला नंबरच असते." मग म्हणाल्या, "माह्यातले वाढले का कमी झाले, ते मले सांगजो. फुकटात नेऊन नको राहू."

मी 'हो' म्हणाले. असं सांगायचं नसतं, निष्कर्ष पक्के नसतात, हे मला माहीत होतं. पण त्या बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही, ना तेव्हा, ना पुढे.

त्या पिपरी मेघेला राहत. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, दारात बाबासाहेबांचा फोटो लावलेला छोटा व्हरांडा, आणि घरात प्रकाशभाऊ, त्यांचे यजमान. प्रकाशभाऊ इलेक्ट्रिकचं काम करत आणि फार कमी बोलत; दोघांच्या वाटचं बोलणं ताईच बोलून टाकत. मी अधूनमधून जायला लागले. प्रकाशभाऊ मऊ भात आणि पातळ वरण करून ठेवत, कारण ताईंना तिखट बंद होतं. ही शिक्षा त्यांना आजारापेक्षा मोठी वाटे. स्टँडवर भेटल्या की त्या मला तर्री-पोह्याची, म्हणजे वर झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांची, प्लेट घेऊन देत, समोर बसवून घेत आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे पाहत राहत. "तर्री कमी घेतली तुनं," म्हणत. "माह्या वाटचीबी टाक."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पोटातलं तोंडानं बोलून टाकावं, नाईतं पोट सोताच बोलते." ते त्या कुणालाही ऐकवत. शेजारणीला, ड्रायव्हरला, डॉक्टरांना. आजार कळला तेव्हा पहिली काही वर्षं त्यांनीही लपवलं होतं. फेरीवर असताना सकाळपासून काही खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, असं करून दिवस काढले. एकदा गाडीतच चक्कर येऊन पडल्या आणि सुट्ट्या पैशांसकट घरंगळत दारापर्यंत गेल्या. त्यानंतर लपवणं बंद. "लाजंनं पोट भरत नाई अन् साफबी होत नाई," असं त्या म्हणत, आणि ऐकणारा माणूस आपली प्लेट खाली ठेवे.

मला सगळ्यात मोठा हादरा त्यांनी दिला तो माझ्याच घराबद्दल. दुसऱ्या तपासणीला आल्या होत्या. मी कुपी बंद करत होते, तर सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "तुया बाबायले रक्त पडून राह्यलं. ठाऊक हाय का तुले?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हिंगणघाटचे कापडवाले, तेच ना? माह्याच गाडीनं येतेत वर्ध्याले माल पाहाले. मांगच्या हप्त्यात उतरता उतरता हयूच इचारलं, बाई, तुमाले कोन्त्या डॉक्टरनं पाह्यलं म्हने. मी म्हनलं, काऊन? तं म्हने, मलेबी काई महिन्यापासून पडते."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"पोरीले कसं सांगाव म्हने. तुले सांगू नका म्हनून बजावलं मले." त्यांनी पदर सारखा केला. "म्हनून तं सांगून राह्यली."

मी आतड्यावर संशोधन करत होते. घरी जेवताना बाबा मला "काय चाललंय तुझं काम?" विचारत आणि मी सांगत असे. ते मान हलवत, ताटातलं संपवत आणि उठत. आणि त्या माणसाला महिनोन्महिने रक्त पडत होतं आणि तो ते बसमधल्या कंडक्टरला सांगत होता, कारण त्या बसमध्ये तीच एक बाई असं काही मोठ्यानं बोलली होती. त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा बाबा दुकानात कापडाचे गठ्ठे लावत होते. मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर वर्ध्याला चला." त्यांनी विचारलं नाही, कशाला. गठ्ठा हातात तसाच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या बाईनं सांगितलं वाटतं." आतड्यात एक मोठी गाठ होती, वेळेत निघाली. डॉक्टर म्हणाले की आणखी वर्षभर लपवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. बाबा त्यानंतर रत्नाताईंच्याच गाडीची वाट पाहून वर्ध्याला जात, आणि दिवाळीला त्यांनी त्यांना एक साडी पाठवली. ताईंनी निरोप पाठवला, "रंग चांगला हाय, पन पुढच्या वेळी तपासनीचा कागद पाठवा."

या काळात रत्नाताई स्वतः बऱ्या होत होत्या. डॉक्टरांनी औषध बदललं होतं आणि ते लागू पडलं होतं. रक्त थांबलं, वजन वाढलं. गाडी मध्ये थांबवायची गरज हळूहळू उरली नाही. त्यांच्या तिसऱ्या नमुन्यात मला जे दिसलं त्यानं मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आग शमवणारे, सांधे घट्ट करणारे मायक्रोआरएनए, जे पहिल्या नमुन्यात जवळजवळ दिसेनासे झाले होते, ते परत वर आले होते. संगणकावरची ती चढती रेघ मी कितीदा पाहिली असेन. माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवली. सर सहसा काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "ही रेघ प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाक."

मी ताईंना फोन केला. "तुमचं पोट भरून येतंय, ताई. आतून."

पलीकडून स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "नंबरवाले आले का कामावर?"

"आले."

"आता यायले सुट्टी नको देऊ." आणि बहुधा त्या दिवशी त्यांनी तर्री-पोहे खाल्ले, कारण प्रकाशभाऊंनी नंतर माझ्याकडे तक्रार केली.

मग एका सकाळी प्रकाशभाऊंचा फोन आला. त्यांचा मला आलेला हा पहिलाच फोन.

"म्याडम, हे उठून नाई राह्यली. पोट टम्म झालं हाय. आमी तुमच्याच दवाखान्यात हाओत."

काय झालं, का झालं, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. औषध चालू होतं. पथ्य, तो एक दिवस सोडला तर, पाळलं होतं. चार दिवसांपूर्वी जुलाब सुरू झाले, परवा ताप आला, आणि आज मोठं आतडं फुगून फुटायच्या बेतात होतं. सर्जन एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून मला म्हणाले, "पूर्ण मोठं आतडं काढावं लागेल. आज, आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबलो तर आत फुटेल आणि मग हातात काही राहणार नाही." माझ्या टेबलावर ती चढती रेघ अजून उघडी होती.

मी वॉर्डात गेले. रत्नाताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ कोरडे. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि विचारलं, "तुये ते नंबरवाले कुठं गेले वं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं शिकलेलं काही त्या खाटेशी उभं राहून उपयोगी पडेना.

सर्जन आले. त्यांनी समजावून सांगितलं: आतडं काढल्यावर पोटावर एक तोंड करावं लागेल, मल तिथून पिशवीत येईल. पुढे काय करता येईल ते पुढे पाहू. प्रकाशभाऊ भिंतीला टेकले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढल्यावर त्याचं काय करता?"

"तपासणीला जातं," सर्जन म्हणाले.

"मंग हिले द्या." त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "इतके दिवस तीय तीय नेऊन राह्यली होती. आता आख्खंच घे म्हना."

सर्जनचे हात खिशात होते ते तिथंच राहिले. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. त्या शुद्धीवर होत्या, सही करण्याइतक्या शुद्धीवर, आणि त्यांनी सही केली.

दुपारी ते माझ्याकडे आलं. स्टीलच्या ट्रेमध्ये, ओल्या कापडाखाली. मी कापड उचललं आणि लगेच पुन्हा टाकलं. ते तीन हात लांब होतं, जड होतं, आणि अजून कोमट होतं. ज्याला मी तिळाच्या आकारात ओळखत होते ते हे. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात जाऊन मी पायरीवर बसले. माझ्या मागून सर आले. मला वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "फॉर्मलिन आत्ताच घालू नकोस. ताजं आहे तोवर तुकडे घे." मी उठले, हातमोजे घातले आणि कामाला लागले. जवळपास सगळं अस्तर गेलं होतं. लाल, काळपट, सोललेलं. मी प्रत्येक भागातून तुकडे घेतले आणि त्या तुकड्यांवर पहिल्यांदाच, क्रमांकाच्या शेजारी, माझ्या स्वतःच्या आठवणीसाठी 'र' लिहिला.

ताई वाचल्या. पण शस्त्रक्रियेनंतर त्या बोलेनाशा झाल्या. ही बाई गप्प आहे, हे पाहून मला जेवढी भीती वाटली तेवढी एक्सरे पाहून वाटली नव्हती. पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचं लालसर तोंड आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. त्या तिकडे बघायच्या नाहीत. नर्स शिकवायला आली की तोंड भिंतीकडे. मग प्रकाशभाऊ शिकले. वायरिंग करताना जसे करत असतील तसे, जीभ दातांत धरून, माप घेऊन, गोल कापून, हळूच दाबून बसवत. एक दिवस त्यांच्या हातून पिशवी नीट बसेना. दोनदा काढली, दोनदा लावली. ताई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "खालून लाव ना बाप्पा आधी. वरून लावशीन तं गयनच ते." प्रकाशभाऊंनी खालून लावली. बसली. त्या दिवसापासून पिशवी ताई स्वतः बदलू लागल्या.

डेपोनं त्यांना फेरीऐवजी चौकशीच्या खिडकीवर बसवलं. पुढच्या महिला दिनी तिथं कार्यक्रम होता आणि त्यांचा सत्कार ठरला. त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. शाल झाली, नारळ झाला, आणि "दोन शब्द बोला" म्हणून माइक त्यांच्या हातात दिला गेला. मी खुर्चीत सावरून बसले, कारण मी त्यांना ओळखत होते.

"माह्या पोटावर पिशवी हाय," त्या म्हणाल्या. "संडासची. आता इथं उभी हाओ तं तेबी भरूनच राह्यली." पुढच्या रांगेतल्या साहेबांनी बुटांकडे पाहिलं. "मले शाल देल्ली, चांगलं केलं. पन मले एक इचाराचं हाय. इथं बसल्या हायेत त्यातल्या ज्या ज्या बायांले फेरीवर पानी प्याचं भेव वाटते, त्यायनं हात वर करा."

बराच वेळ एकही हात वर गेला नाही. मग मागच्या बाजूला एक गेला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळीकडे. व्यासपीठावरच्या एका अधिकारी बाईंनी हात अर्धा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. ताईंनी ते हात पाहिले आणि माइक खाली ठेवला. त्यांना आणखी काही बोलायचं नव्हतं. टाळ्या वाजल्या नाहीत. तिथं टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाच वाटलं नाही.

ट्रेमधून घेतलेल्या तुकड्यांवरचं काम मात्र पुढे सरकत नव्हतं. मायक्रोआरएनए एरवी मी मोजत असे. यावेळी ते अस्तरात नेमके कुठं आहेत ते पाहायचं होतं. त्यासाठी रंग देण्याची एक किचकट पद्धत आहे, ती मला साधत नव्हती. तुकड्याचा पातळ काप लावलेली काच फिकी तरी यायची, नाहीतर सगळीच जांभळी. अनेक महिने गेले. प्रबंधाची मुदत जवळ आली. आणि एका दुपारी काच नीट आली.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी नेहमीचंच दिसलं: उघडी पडलेली जखम, दाहाच्या पेशींची गर्दी. मी काच जखमेच्या कडेला सरकवली आणि थांबले. तिथं अस्तराच्या पेशींची एक पातळ, एकेरी रांग जखमेवर सरकत होती. चपट्या झालेल्या, एकमेकींना धरून. आणि त्यांच्यात, नेमक्या त्यांच्यात, जांभळा रंग होता. दुसरा तुकडा पाहिला. तिथंही. जिथं जिथं जखमेला काठ शिल्लक होता, तिथं तिथं ही रांग निघालेली होती. फुटायच्या बेतात आलेल्या, काढून टाकण्याखेरीज इलाज न उरलेल्या त्या आतड्यात. मी सरांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून पुसत राहिले.

मी ताईंना बोलावलं. मला पुण्यात नोकरी मिळाली होती, महिनाअखेर निघायचं होतं, आणि हे दाखवल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. त्या प्रकाशभाऊंबरोबर आल्या. प्रकाशभाऊ बाहेर बाकावर बसले. ताईंना मी स्टुलावर बसवलं, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. पडद्यावर नको म्हणाल्या, "तुया डोयानं पाह्यतेस तसंच दाखव."

"हे काय हाय?"

"ही जखम. तुमच्या आतड्याची."

"अन् ही रांग?"

"तुमच्याच पेशी. जखमेवर चढतायत, तिला झाकायला."

"जांभयं जांभयं?"

"ते नंबरवाले."

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "हे कवाचं हाय?"

"काढलं त्या दिवशीचं."

"म्हंजे त्या दिवशीबी हे कामावरच होते?"

"हो, ताई."

"मंग काढलं काऊन?"

मी सांगितलं. आग फार मोठी झाली होती आणि ही दुरुस्ती तिच्यापुढे फार लहान होती. संध्याकाळपर्यंत आतडं फुटलं असतं. यांना वेळ पुरला नसता. मला सांगताना वाईट वाटत होतं, पण त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हव, ते बराबर हाय," त्या म्हणाल्या. "काढलं नसतं तं मी आज इथं बसली नसती."

मग त्यांनी डोळा पुन्हा लावला. मी बाजूला उभी होते. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला आधी वाटलं, खोकला आला. इतक्या वर्षांत, वॉर्डात, शस्त्रक्रियेआधी, नंतरच्या त्या मुक्या दिवसांतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"किती शिव्या घातल्या वं मी याले," त्या म्हणाल्या. "रोज. मेल्या, वैरी हायेस तू माहा. माह्याच घरात राहून मलेच खाऊन राह्यला. रोज म्हनो मी. मोरीत बसून, रक्त पाहून, हेच म्हनो." त्यांनी पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा काचेला लावला. "अन् हे बिचारं आतल्या आत टाके घालून राह्यलं होतं."

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी न बघता हात वर करून मला थांबवलं.

"तू जा बाहीर जराशी," त्या म्हणाल्या. "मले याच्यापाशी बसू दे."

मी दार ओढून घेतलं. बाहेर प्रकाशभाऊ उठून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, "येतील. थोडा वेळ लागेल." आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, आणि आतून बराच वेळ रत्नाताईंचं हळू बोलणं ऐकू येत राहिलं.